खोक्याच्या लाकडाची गिटार

आमच्या रहाटणीच्या घरात टीव्हीच्या बाजूला एक गिटार टांगलेली आहे. ती मी केलेली आहे. पाहुणे आले की बायको हटकून सांगते, "ह्यांनी हातानं बनवलीय, सगळी." पाहुणे 'अरे वा' म्हणतात. एखादा उत्साही माणूस उठून तारांवरून बोट फिरवतो, मग त्याचा चेहरा जरासा पडतो आणि तो चहाच्या कपाकडे वळतो. मला तो चेहरा आता पाठ झाला आहे. गिटार दिसायला देखणी आहे. वाजायला ती टाकाऊ आहे. हे आजवर कुणी माझ्या तोंडावर बोललेलं नाही आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

मी चाकणला गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या एका कंपनीत प्रेस शॉपला होतो. धाराशिवकडून आलो तो तिथंच लागलो आणि तिथूनच व्हीआरएस घेऊन बाहेर पडलो. प्रेस म्हणजे दुमजली घराएवढं मशीन. खाली लोखंडी साचा, वर साचा, मध्ये पत्रा. वरचा साचा आदळला की पत्र्याचा दरवाजा होऊन बाहेर पडतो. मिनिटाला कितीदा आदळायचं ते वरचे लोक ठरवायचे आणि दर वर्षी वाढवायचे. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे.

त्या गदारोळात माझं नाव झालं ते कानामुळे. साच्यात भोकं पाडणारे लोखंडी पंच असतात. त्यातल्या एखाद्याचं टोक उडालं की आदळण्याचा आवाज केसभर बदलतो. तो मला ओळखू यायचा. इंजिनिअर लॅपटॉप उघडून बसलेला असायचा आणि मी लांबूनच ओरडायचो, "तिसरा पंच गेला, मशीन थांबवा." साचा उघडला की तिसराच गेलेला असायचा. साहेब लोक बाहेरच्यांना कंपनी दाखवायला आणायचे तेव्हा मलाही दाखवायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. कानात घालायला कंपनी दोरीला बांधलेली पिवळी बुचं द्यायची, रजिस्टरवर सही घेऊन. पण बुचं घातली तर पंच कसा ऐकू येणार? म्हणून मी ती मंगळसूत्रासारखी गळ्यात घालायचो. सुपरवायझरला दोरी दिसली की त्याचं समाधान व्हायचं. आता त्या प्रेसला सेन्सर बसवलाय म्हणे. पंच उडाला की लाल दिवा लागतो.

वर्षातून एकदा तपासणीची गाडी गेटच्या आत यायची. रक्त, डोळे, छाती आणि शेवटी कान. गाडीत काचेची एक छोटी खोली असायची. तिथं बसायचं, कानाला हेडफोन, हातात बटण. काचेबाहेर एक बाई मशीनवरून आवाज सोडायची. आवाज आला की बटण दाबायचं. ज्याला ऐकू कमी येतं त्याला पॅकिंगला टाकायचे. पॅकिंगला ओव्हरटाइम नाही आणि मुख्य म्हणजे इज्जत नाही. माझ्या शेजारच्या प्रेसवर चाकणच्याच जुन्या घरातला एक गडी होता. त्याच्या बापाचं शेत होतं तिथं आता आमचं कँटीन होतं. त्यानं मला पहिल्याच वर्षी शहाणं केलं.

"ऐकत काय बसतो राव? त्या बाईच्या खांद्याकडं बघ. ती आवाज सोडती तवा तिचा खांदा हालतो. हालला की दाब. आमी समदे तसंच करतो."

काचेतून बाईचा खांदा स्वच्छ दिसायचा. दर वर्षी मी खांदा बघून बटण दाबत गेलो. पुढे नव्या पोरांना ही युक्ती मीच शिकवायला लागलो, मोठा मान मिळाल्यासारखा. घरी एक फाइल आहे, तिच्यात ओळीनं रिपोर्ट लावलेत, सगळ्यांवर नॉर्मल. कंपनीला ते नॉर्मल हवे होते, मला हवे होते आणि त्या बाईला जेवणाच्या सुट्टीच्या आत रांग उरकायची होती. सगळे खूश होते.

मुलगी कॉलेजला होती तेव्हाची गोष्ट. तिच्या मामानं तिला प्लायवूडची एक स्वस्तातली गिटार घेऊन दिली होती. ती चांगली वाजवते असं सोसायटीतले लोक म्हणायचे. थर्ड शिफ्ट करून मी सकाळी कंपनीच्या बसनं घरी यायचो आणि ऊन चढायच्या वेळेला झोपायचो. त्या दिवशी डोळा लागतोय तोवर एक बारीक, उंच, एकसारखा आवाज सुरू झाला, ताणलेली तार वाजत राहावी तसा. उशी डोक्यावर घेतली तरी थांबेना. उठून बाहेर आलो, तर ही खिडकीत गिटार मांडीवर घेऊन बसलेली, बोटं तारांवरून फिरताहेत. मी तिच्या हातातून गिटार ओढली आणि भिंतीवर आपटली. गिटारीची मान तुटली. तिनं ते दोन्ही तुकडे उचलले.

"मी वाजवतच नव्हते, पप्पा," ती म्हणाली.

"खोटं बोलू नको. बोटं हलताना बघितलीत मी."

ती तुकडे घेऊन आत गेली. संध्याकाळी बायकोनं सांगितलं की तुम्ही झोपलेले असता म्हणून पोरगी नुसती डाव्या हाताची बोटं फिरवून सराव करते, तार छेडतच नाही. मी म्हणालो, "मग मी काय बहिरा आहे? माझ्या कानांनी ऐकलंय." माझ्या कानावर शंका घ्यायची घरात कुणाची टाप नव्हती.

त्यानंतर तिनं गिटारीचं नाव काढलं नाही. शिकली, वाकडला आयटीत लागली, पगारातून आईला फ्रिज आणला, मला मोबाइल आणला. स्वतःसाठी गिटार आणली नाही. मी एकदोनदा म्हणालो, घे की नवी. "वेळच नसतो पप्पा," एवढंच उत्तर. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती कधी भांडली नाही. मी खोलीत आलो की ती हातातल्या मोबाइलचा आवाज आपोआप बंद करायची. ते बघून मला दर वेळी लाज वाटायची आणि लाज वाटली की मी आणखी चिडायचो.

व्हीआरएस घेऊन घरी बसलो तेव्हा मी मनाशी ठरवलं की हिला गिटार स्वतः करून द्यायची आणि तिनं ती माझ्यासमोर वाजवायची. माफी मागणं मला जमत नाही. आमच्या घरात बापानं मुलीची माफी मागितल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. दुकानातून आणली असती तर एका दिवसात प्रकरण मिटलं असतं. पण मला तेवढ्यावर मिटवायचं नव्हतं. तिनं गिटार मांडीवर घ्यावी, वाजवावी आणि माझ्यासमोर न घाबरता वाजवावी, एवढंच मला हवं होतं.

गच्चीवर पत्र्याची खोली होती, ती रिकामी केली. परदेशातल्या म्हाताऱ्या कारागिरांचे व्हिडिओ बघून बघून एवढं समजलं की गिटारीचा जीव तिच्या वरच्या फळीत असतो. तारा फळीला ओढतात, फळी थरथरते, तोच आवाज. ती फळी हलकी हवी, ताठ हवी आणि तिच्यातल्या रेषा बारीक, जवळजवळ आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. त्यासाठी थंड देशातलं स्प्रूस नावाचं फिकट लाकूड वापरतात. ते नाव मी नवीन ऐकलं, पण लाकूड बघितल्याबरोबर ओळखलं. आमचे साचे परदेशातून लाकडी खोक्यांतून यायचे. खोकं फोडलं की आम्ही साच्याकडे धावायचो. लाकूड भंगारवाला घेऊन जायचा आणि त्यातलं निम्मं टपऱ्यांना आणि चुलींना लागायचं. इतकी वर्षं आम्ही त्यावर चहा उकळून पीत होतो.

चिखलीच्या बाजूला भंगाराच्या शेडमध्ये मी आठ दिवस घातले. खोक्यांच्या फळ्यांचा उपयोग नव्हता, गाठीच गाठी. कामाचे होते ते बुडाचे ओंडके, ज्यांच्यावर साच्याचा सगळा भार असतो. एकेका ओंडक्याचं टोक ताजं कापायचं आणि रेषा बघायच्या. बहुतेकांच्या रेषा कमानीसारख्या गेलेल्या, म्हणजे वाळल्यावर फळी वाकणार. शेवटी ढिगाच्या तळाशी एक निघाला, टोकावर रेषा फणीच्या दातांसारख्या उभ्या. कडेला दोन खिळ्यांची भोकं होती, बाकी डाग नाही. वखारीत नेऊन तो उभा चिरून घेतला. दोन पातळ फळ्या पुस्तकासारख्या उघडल्या तेव्हा एकीच्या रेषा दुसरीत आरशात बघितल्यासारख्या दिसत होत्या. पावसाळाभर त्या माळ्यावर ठेवल्या, खाली-वर हवा खेळती राहील अशा. इथपर्यंत माझी एकही चूक नाही. ते डोळ्याचं काम होतं.

मागची बाजू आणि कडा शिसमाच्या करायच्या होत्या. वखारवाला कच्छी, जन्म लाकडात गेलेला. त्यानं शिसमाच्या चार पातळ फळ्या काढल्या, एकेक दोन बोटांत लोंबती धरली आणि बोटाच्या पेरानं ठोकली. दुसरीला तो म्हणाला, "ही घ्या भाऊ, घंटेसारखी बोलते." मी ठोकून बघितली. मला ती मुकी वाटली. चौथी ठोकली, ती ढम्म बोलली. मी चौथी घेतली.

"ही तर ओली आहे," तो म्हणाला. "आवाज ऐका ना."

"शेठ, तुम्ही लाकूड विका. आवाजाचं मला सांगू नका."

तो हसला आणि फळी कागदात गुंडाळून दिली. पुढे कडा गरम पाइपावर वाकवायला घेतल्या तेव्हा एक तडकली, आतून वाफ निघाली. फळी ओलीच होती. मी वखारवाल्याला शिव्या घातल्या, की त्यानं मला ओलं लाकूड गळ्यात मारलं. तडकलेली कड आतून चिकटवून घेतली, बाहेरून दिसत नाही.

मग आतल्या पट्ट्या. गिटारीच्या पोटात, वरच्या फळीला आतल्या बाजूनं, लाकडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. दोन मोठ्या फुलीसारख्या, बाकीच्या लहान आणि तिरप्या. तारांची ओढ मोठी असते, तिच्यापुढे फळीला उभं ठेवायचं काम त्या करतात. पण त्याच जाड राहिल्या तर फळीचा गळा दाबतात. कारागिराची खरी परीक्षा तिथं होते, जिथं कुणी बघत नाही. पट्ट्यांचं लाकूड करवतीनं कापत नाहीत, रेषेच्या बाजूनं कुऱ्हाडीनं फोडतात, म्हणजे रेषा मध्येच तुटत नाही. मी त्याच ओंडक्याच्या उरलेल्या तुकड्यातून पट्ट्या फोडल्या, रंध्यानं सरळ केल्या आणि गरम सरसानं चिकटवल्या. सरस वाळेपर्यंत दाबून धरायला फळी आणि छत यांच्यामध्ये बांबूच्या कामट्या वाकवून बसवल्या. बायको वर आली आणि बघत उभी राहिली. "हे काय, आकाशकंदील करायलाव का?" खाली टीव्ही चालू ठेवून आली होती. त्याच्या आवाजावरून तिची रोज कुरकुर असे. मी म्हणायचो, हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात.

सरस वाळला की पटाशीनं पट्ट्या तासायच्या. थोडं तासायचं, फळी कानाजवळ धरून ठोकायची, ऐकायचं. आधी फळी बोदा आवाज देते. तासत गेलं की आवाज मोकळा होतो आणि त्यात वरचा एक लांबणारा नाद येतो. तो आला की पटाशी खाली ठेवायची. त्यापुढे एक पापुद्रासुद्धा काढायचा नाही. व्हिडिओत मापं दिलेली होती आणि माझ्याकडे केसभर जाडी मोजणारा व्हर्नियर होता. मी तो डबीतून काढलासुद्धा नाही. उडालेला पंच नुसत्या आवाजावरून सांगणाऱ्या माणसानं मापं कशाला घ्यायची?

मी तासलं, ठोकलं. बोदा. आणखी तासलं, ठोकलं. तरी बोदाच. आठवडाभर हेच चाललं होतं. रविवारी मुलगी चहा घेऊन वर आली. मी फळी ठोकली आणि तिचा चेहरा एकदम खुलला. किती वर्षांनी तिला तशी बघत होतो.

"पप्पा, काय मस्त वाजली! बस, आता थांबा."

"तुला काय कळतं यातलं? मुकी आहे अजून."

"मुकी कुठंय? अजून घुमतेय बघा."

मी पटाशी उचलली. ती चहा तिथंच ठेवून जिना उतरून गेली. त्या रविवारी फळी तयार झाली होती. त्या क्षणी मी पटाशी खाली ठेवली असती तर आज आमच्या घरात एक चांगली गिटार असती. मी त्यापुढे पंधरा दिवस तासत राहिलो. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

पट्ट्या अगदी झिजल्या तेव्हा एका दुपारी फळी ठोकली आणि तो नाद ऐकू आला. बारीक, उंच, एकसारखा. येतच राहिला. मला इतका आनंद झाला की एकटाच हसलो. पटाशी पुसून ठेवली, पाठ चिकटवली आणि गिटारीचं पोट कायमचं बंद केलं. फळी हातातून खाली ठेवल्यावरही तो नाद चालूच होता, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

तारा मोबाइलच्या अ‍ॅपवर बघून सुरात लावल्या, काटा मध्ये आला की झालं. ओढ बसली तशी दोन दिवसांत तारा अडकवायच्या पट्टीच्या मागे फळी फुगली आणि पुढे खचली. मला ते दिसलं होतं. नवीन आहे, बसेल हळूहळू, असं मी बायकोला सांगितलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर गिटार मुलीच्या हातात दिली. तिनं ती उलटसुलट करून बघितली. खिळ्याच्या भोकांत मी शिसमाच्या टिकल्या बसवल्या होत्या, त्यांच्यावरून तिनं बोट फिरवलं.

"ही खरंच खोक्याची?"

"खोक्याची."

ती हसली आणि खिडकीत जाऊन बसली, पूर्वी बसायची तिथंच. गिटार मांडीवर घेतली. मी समोर खुर्ची ओढून बसलो. बायको पदरानं हात पुसत दारात उभी राहिली.

जाड तारा वाजल्या त्या मला ऐकू आल्या, पिंपावर थाप मारावी तशा, ढब ढब. मुलीच्या कपाळावर एक आठी आली आणि लगेच गेली. "छान झालीय पप्पा," ती म्हणाली. मग ती बारीक तारांकडे वळली, बोटं वर सरकली. मला त्याच बारीक, उंच शिट्टीशिवाय काही ऐकू येईना. बोटं हलत होती, म्हणजे वाजत असणार. मला काय करायचं ते माहीत होतं. मी तिच्या खांद्याकडे बघायला लागलो. खांदा हलला, मी मान डोलवली. पुन्हा हलला, मी 'वा' म्हणालो. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून आणखी एकदा मान डोलवली, मोठा जाणकार असल्यासारखी.

डोळे उघडले तेव्हा मुलगी माझ्याकडे बघत होती. डाव्या हाताची बोटं अजून तारांवर फिरत होती. उजवा हात तिनं गिटारीच्या अंगावर पालथा ठेवला होता. कधी ठेवला ते मला माहीत नाही.

"मी वाजवतच नव्हते, पप्पा," ती म्हणाली.

तेव्हाही तिनं हेच सांगितलं होतं, मोडक्या गिटारीचे दोन तुकडे हातात धरून, आणि तेव्हाही ती खरंच बोलत होती.